डॉक्टर नेमके कशाने थकतात?

२००७ साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट शहरात मात्यू रिकार हे बौद्ध भिक्खू एमआरआयच्या यंत्रात निश्चल पडून होते. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जनुकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून पुढे हिमालयात जाऊन राहिलेला हा माणूस. मेंदूशास्त्रज्ञ तानिया झिंगर यांनी त्यांना सांगितलं होतं की करुणा बाजूला ठेवा, दुसऱ्याचं दुःख तेवढं आपल्यात उतरू द्या. रोमानियातल्या अनाथालयातली खंगलेली मुलं त्यांनी नुकतीच एका माहितीपटात पाहिली होती, तीच त्यांनी डोळ्यांसमोर आणली. तासाभरात ते पार गळून गेले. आयुष्यभर ध्यान केलेला माणूस! मग झिंगर यांनी विचारलं, इथेच थांबायचं की करुणेकडे वळायचं? ते वळले. मुलं तीच, दुःखही तेच. पण आता मनात माया दाटून आली आणि थकवा ओसरला.

रोज दुखणी बघून डॉक्टरांची करुणा आटते, असं आपण सहज म्हणून जातो. इथे तर करुणेनेच माणूस सावरला होता!

पुढे ओल्गा क्लिमेत्स्की आणि झिंगर यांनी ध्यानाशी संबंध नसलेल्या स्वयंसेवकांवर हेच तपासलं. परदुःखाशी समरस व्हायला शिकवल्यावर त्यांची मनं कष्टी झाली आणि वेदनेशी निगडित असलेला इन्सुला हा मेंदूचा भाग अधिक जागा झाला. नंतर त्याच लोकांना करुणेचं प्रशिक्षण दिलं, तेव्हा उदासी उतरली आणि आपुलकी व समाधान यांच्याशी जोडलेलं वेगळंच जाळं काम करू लागलं. दुःखाला प्रतिसाद देण्याच्या दोन वाटा मेंदूत शेजारी-शेजारी आहेत आणि थोड्या सरावाने माणूस एकीवरून दुसरीवर येऊ शकतो, हे वाचून मी थक्क झालो.

कामाने पिळून निघण्याची, म्हणजे बर्नआउटची, तीन लक्षणं मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅसलॅक यांनी सांगितली आहेत : भावनिक थकवा, आपल्या हातून काही होत नाही ही भावना आणि माणसांविषयी येणारा कोरडेपणा. वॉर्डातल्या आजोबांचे ‘बेड नंबर सात’ होतात तो हा कोरडेपणा. त्याला उर्मटपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. सोसवेनासं झालेलं मन स्वतःला असं मिटून घेतं.

अमेरिकेत रॉचेस्टरला मायकेल क्रॅस्नर आणि रोनाल्ड एपस्टाइन यांनी ७० डॉक्टरांना सजगतेचं प्रशिक्षण दिलं. आठ आठवडे दर आठवड्याला अडीच तास, मग दहा महिने महिन्यातून एकदा. श्वासाकडे, शरीराकडे लक्ष देणं तर होतंच; शिवाय आपल्या हातून झालेली चूक, दगावलेला रुग्ण, एखादा मन लावून केलेला उपचार यांविषयी एकमेकांशी बोलणंही होतं. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : थकवा घटला आणि रुग्णांविषयीची समज वाढली. दोन्ही एकाच वेळी! तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून हा पुरावा जपूनच घ्यायला हवा.

रुग्ण गेल्यावर डॉक्टर स्वतःला जे बोलतो, ते सहकाऱ्याला कधीच बोलणार नाही. टेक्सास विद्यापीठाच्या क्रिस्टिन नेफ यांचं काम नेमकं इथलं आहे. स्वतःशी मायेने वागणं, चुका सगळ्यांच्याच हातून होतात याचं भान आणि मनातलं दुःख न फुगवता पाहणं, ही त्यांच्या आत्मकरुणेची तीन अंगं. आरोग्यसेवकांसाठी त्यांनी एकेका तासाची सहा सत्रं बेतली. घरी ध्यानाला बसण्याची सक्ती नाही. सगळं काम करता करताच करायचं. त्यांचा एक सराव मला फार आवडतो : श्वास घेताना स्वतःसाठी माया, सोडताना समोरच्या रुग्णासाठी. रुग्णाला कळतही नाही.

पण सलग छत्तीस तास ड्युटी करणाऱ्या निवासी डॉक्टरला आधी झोप हवी. २०१७ साली डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या उपायांचे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा एकेका डॉक्टरला दिलेल्या प्रशिक्षणापेक्षा कामाच्या व्यवस्थेतले बदल अधिक गुणकारी दिसले. म्हणून आत्मकरुणेच्या सत्रांचे हे सहा तास कुणाच्या सुटीतून कापू नयेत. ते ड्युटीतच धरावेत.