ग्लॉक, सिग की स्मिथ अँड वेसन? वरूडच्या एका व्हॉइस नोटचं उत्तर

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा मजकूर. बोलताना झालेले 'म्हंजे, म्हंजे' काढून टाकलेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा एपिसोड एका व्हॉइस नोटमुळे करतोय. माझ्याच गावातून, वरूडहून आली. पोरगं 22 वर्षांचं, पोलीस भरतीची तयारी करतंय, सकाळी ग्राउंड मारतं आणि रात्री बीजीएमआय खेळतं. विचारतो, "दादा, ग्लॉक 17, सिग पी 320 आन् स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी, तिघांतून एक घ्याचं तर कोणतं?"

मला मजा वाटली. आपण इंजिनिअर लोक, कम्पॅरिझन म्हटलं की आपल्याला चेव येतो. पण नोटच्या शेवटी त्याचा आवाज जरा खाली गेला. "एक जण आणून देतो म्हणते. सेम ग्लॉकच हाय, प्लास्टिक बॉडी. वरतं मेड इन ऑस्ट्रिया बी लिहेल हाय."

म्हणजे प्रश्न दोन आहेत. पहिल्याचं उत्तर आधी नीट देतो, कारण ते कळलं की दुसऱ्याचं उत्तर आपोआप निघतं.

प्लास्टिकचं पिस्तूल म्हणजे नेमकं काय

पिस्तुलाचे ढोबळ दोन भाग धरा. वरचा, मागेपुढे सरकतो तो स्लाइड. त्याच्या पोटात नळी. खालचा, आपण मुठीत धरतो तो फ्रेम. या पिस्तुलांमध्ये फक्त फ्रेम पॉलिमरची असते, म्हणजे नायलॉनच्या जातीच्या टणक प्लास्टिकची. स्लाइड आणि नळी पोलादाचीच. त्यामुळे 'ग्लॉक मेटल डिटेक्टरमध्ये सापडत नाही' ही फेकाफेक आहे. 1990 च्या 'डाय हार्ड 2' सिनेमात तसला एक डायलॉग होता, तिथून ती जगभर पसरली.

पॉलिमरचा फायदा साधा आहे. वजन कमी, गंज नाही, आणि साच्यातून भराभर फ्रेम काढता येते. रिकामं ग्लॉक 17 साधारण 630 ग्रॅमचं भरतं. आपल्या सैन्याचं जुनं 9 एमएम पिस्तूल, जे ब्राउनिंग हाय पॉवरवरून बनलं, ते पोलादी फ्रेमचं, किलोच्या आसपास जातं. दिवसभर कमरेला लावून बंदोबस्तात उभं राहा, मग हा फरक कळतो.

पॉलिमर फ्रेम ग्लॉकने शोधली असंही नाही. जर्मनीच्या हेकलर अँड कोखने 1970 मध्येच व्हीपी 70 आणलं होतं. पण ते फार चाललं नाही. ऑस्ट्रियाच्या गॅस्टन ग्लॉक यांनी आधी पडद्यांच्या दांड्या आणि लष्करासाठी चाकू बनवले होते, पिस्तूल कधीच नाही. 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्यांचं पिस्तूल घेतलं आणि पुढे सगळ्या कंपन्या त्याच वाटेने गेल्या. 'ग्लॉक 17' मधला 17 हा त्यांच्या सतराव्या पेटंटचा, असं सांगतात. मॅगझिनमध्येही 17 च गोळ्या बसतात, म्हणून लोकांचा गोंधळ होतो.

आणि बीजीएमआयवाल्यांनो, गेममधलं पी 18 सी हे ग्लॉक 18 सी वरून घेतलंय. ते चाप दाबून ठेवला की धडाधड चालतं. ग्लॉक 17 तसं नाही. एकदा चाप, एक गोळी.

घोडा नाही, स्ट्रायकर आहे

जुन्या पिस्तुलाला मागे घोडा असतो. चाप ओढला की तो पडतो, पिनेवर आपटतो, पिन काडतुसाच्या बुडावर बसते. सिनेमातला भाई पिस्तुलाला 'घोडा' म्हणतो ते त्यावरूनच. स्ट्रायकरवाल्या पिस्तुलात तो घोडाच नसतो. स्लाइडच्या आत स्प्रिंगवर ताणलेली एक पिन असते, तिलाच स्ट्रायकर म्हणतात. चाप ओढला की ती सुटते.

आता गलोल आठवा. लहानपणी संत्र्याच्या बगीच्यात पाखरं हाकलायला आपण वापरायचो ती. ग्लॉकमध्ये रबर अर्धवट ताणून ठेवलेलं असतं. उरलेलं तुमचं बोट ताणतं आणि मग सुटतं. सिग पी 320 मध्ये रबर पूर्ण ताणलेलं असतं, बोट फक्त खटका काढतं. म्हणून पी 320 चा चाप हाताला मोकळा लागतो, ग्लॉकचा जरा ओढावा लागतो. युट्यूबवर 'ट्रिगर स्मूथ आहे' म्हणतात, ते हेच.

यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. यातल्या बहुतेक पिस्तुलांना बाहेरून बंद करायचं सेफ्टीचं बटण नसतं. ग्लॉकमध्ये तीन सेफ्टी आहेत, पण तिन्ही यंत्राच्या आतल्या. चापाच्या मधोमध एक छोटी पट्टी, पिन अडवणारा एक खटका, आणि खाली पडलं तर उडू नये म्हणून एक अडसर. चाप ओढला की तिन्ही आपोआप निघतात. म्हणजे यंत्र 'चुकून पडलं' हे सांभाळतं. 'चुकून बोट गेलं' हे सांभाळत नाही. ते काम चाप झाकणाऱ्या कडक होल्स्टरचं आणि तुमच्या बोटाच्या शिस्तीचं.

आता तिघांचा हिशेब

ग्लॉक 17. भाग कमी, दुरुस्ती सोपी, जगभरच्या पोलिसांत मुरलेलं. खोट एक. साफ करायला उघडायचं तर आधी चाप ओढावा लागतो. नळीत गोळी राहिली असेल आणि तपासायला विसरलात, तर तिथेच उडते.

स्मिथ अँड वेसन एम अँड पी. 2005 साली आलं. मुठीचा मागचा भाग बदलता येतो, लहान हाताला लहान, मोठ्याला मोठा. चाप न ओढता उघडता येतं. हवं तर अंगठ्याने लावायची सेफ्टी असलेलं मॉडेलही मिळतं.

सिग पी 320. याचं डोकं म्हणजे आतली चापाची पेटी. ती काढून दुसऱ्या फ्रेममध्ये टाका, पिस्तूल लहानमोठं होतं. मोबाइलचं कव्हर बदलावं तसं. जानेवारी 2017 मध्ये अमेरिकेच्या सैन्याने हेच निवडलं, पण त्यांच्या मॉडेलला अंगठ्याची सेफ्टी लावून घेतली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काय झालं? बाजारातलं पी 320 विशिष्ट कोनात खाली पडलं तर उडू शकतं हे चाचण्यांत दिसलं. चाप वजनदार होता. पडण्याच्या झटक्याने तो स्वतःच्याच वजनाने मागे जायचा. कंपनीने हलका चाप बसवून देण्याची मोहीम काढली.

हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. एवढी मोठी कंपनी, एवढ्या टेस्ट, तरी चापाच्या थोड्याशा वजनाने घोळ घातला.

आपल्या देशात याच जातीचं एक पिस्तूल बनतं, मसाडा. डिझाइन इस्राएलचं, कारखाना ग्वाल्हेरजवळ मालनपूरला. तेही पॉलिमर, तेही स्ट्रायकर, पण ग्राहक म्हणजे सुरक्षा दलं.

मग तिघांतून कोणतं? खरं सांगू? ज्याच्या हाताला जे बसतं, ज्याचे सुटे भाग आणि होल्स्टर मिळतात, आणि ज्यावर सराव करायला भरपूर काडतुसं मिळतात, ते. यात शेवटची अट सगळ्यात मोठी.

महाराष्ट्राने हे फार महाग शिकलंय. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शस्त्रखरेदीतली दिरंगाई आणि काडतुसांअभावी पोलिसांचा बंद पडलेला गोळीबाराचा सराव, ही दुखणी तिच्यासमोर आली. पुढे राज्याने फोर्स वन हे कमांडो पथक उभं केलं, नवी हत्यारं आली. पण त्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात काय होतं? लाठी. हत्याराचा ब्रँड हा शेवटचा प्रश्न आहे. आधी माणूस, मग सराव, मग हत्यार.

वरूडमध्ये यातलं काय मिळतं?

काहीच नाही. ही तिन्ही 9 एमएमची. सैन्य-पोलिसांचं काडतूस चालणाऱ्या अशा पिस्तुलाला आपल्याकडे 'प्रोहिबिटेड बोअर' म्हणतात. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, ते केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात, आणि साध्या माणसाला तो मिळणं जवळपास अशक्य.

साध्या नागरिकाला परवाना मिळालाच तर .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, नाहीतर बारा बोअरची बंदूक. वय 21 पूर्ण पाहिजे, पोलीस पडताळणी होते, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन हत्यारं. त्या बारा बोअरच्या काडतुसावर 'केएफ' दिसतं ना, ते म्हणजे किर्की फॅक्टरी, आपल्या पुण्याच्या खडकीचा कारखाना.

वावरात रानडुकरं आणि रोही पीक उकरतात, हा आपल्याकडचा खरा त्रास आहे. त्यासाठीही कायद्यात पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीची वाट आहे. परवाना असला तरी डुक्कर मारायला वन खात्याचे नियम वेगळे, हे विसरू नका. पण पिस्तुलाचा आणि डुकराचा काही संबंध नाही, बाप्पा.

आता तुझ्या 'सेम ग्लॉक'बद्दल

भाऊ, आता थेट तुझ्याशी बोलतो.

तुला दाखवलेलं ते पिस्तूल ग्लॉक नाही असंच समज. 'मेड इन ऑस्ट्रिया' ही अक्षरं आहेत, ती कोणीही कोरतो. चोपड्याला लागून मध्य प्रदेशात उमर्टी नावाचं गाव आहे. तिथल्या बेकायदा पिस्तुलांच्या कारवाया महाराष्ट्रात वारंवार बातमीत येतात. अशा हत्यारांवर वाटेल त्या देशाचं नाव असतं.

वर सांगितलं ते आठव. कंपनीच्या पिस्तुलात पडल्यावर उडू नये म्हणून आत अडसर असतात, तरी पी 320 ला चाप बदलावा लागला. तुझ्या त्या माणसाच्या हत्यारात अडसर आहे का, कोणी तपासलं? नळी कुठल्या पोलादाची, किती दाब सोसते, कोणी मोजलं? काडतूस पेटलं की नळीत प्रचंड दाब तयार होतो. नळी फुटली तर पहिला हात तुझा जातो. कमरेला खोचून गाडीवर बसलास आणि उडालं, तर मांडी तुझी.

आता कायदा. विनापरवाना हत्यार जवळ सापडलं तर कमीत कमी 2 वर्षं, 5 वर्षांपर्यंत. कायद्याने प्रतिबंधित शस्त्रांच्या गटातलं निघालं तर 7 ते 14 वर्षं. 'मी चालवलं नाही, फक्त रील काढली' हा बचाव नाही. जवळ असणं हाच गुन्हा आहे, आणि रील म्हणजे तू स्वतःच तयार करून दिलेला पुरावा.

आणि तू भरतीची तयारी करतोस. लेखी, मैदानी सगळं निघालं तरी शेवटी चारित्र्य पडताळणी असते. आर्म्स ॲक्टचा गुन्हा नोंद असला की पहाटे पाचला उठून मारलेल्या त्या सगळ्या चकरा वाया. गंमत पहा, ज्या नोकरीत सरकार स्वतः तुझ्या हातात पिस्तूल देईल आणि चालवायलाही शिकवेल, तीच नोकरी तू एका खोट्या ग्लॉकपायी घालवायला निघालास.

त्या माणसाचा नंबर ब्लॉक कर. ॲडव्हान्स दिला असशील तर गेला म्हण, मागायला जाऊ नको. आणि हत्यार घरात आणलंच असेल, तर खोलून बघत बसू नको, कुठे फेकूनही देऊ नको. घरी मोठ्यांना सांग, वकील सोबत घे आणि पोलीस स्टेशनला जा. कठीण आहे, पण सापडण्यापेक्षा सोपं आहे.

नेमबाजीचाच शौक असेल तर एअर पिस्तूल आहे. .177 बोअरची, 20 ज्यूलच्या आतली एअर पिस्तुलं परवान्याशिवाय चालतात. 10 मीटरचा खेळ त्यावरच असतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. एखाद्या चांगल्या क्लबमध्ये जा. पहिल्या दिवशी तुला नेम शिकवणार नाहीत. चापापासून बोट दूर ठेवायला शिकवतील.

तर मंडळी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'सराव असेल ते'. दुसऱ्याचं उत्तर 'नाही'. हा एपिसोड तुमच्या एखाद्या अशा मित्राला पाठवा, ज्याच्या डीपीवर पिस्तूल आहे. त्याला वाईट वाटलं तर माझं नाव सांगा.

आणि वरूडच्या भावा, व्हॉइस नोट टाक. घेतलं नाहीस एवढंच सांग. नंतर ग्राउंडवरचा टायमिंग सांग, त्यावर बोलू.