परातीतले मिठागर

मालवणच्या किनाऱ्यावरून लिटरभर समुद्राचे पाणी आणा. फडक्यातून गाळून स्टीलच्या परातीत ओता आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवा. (कावळ्यांसाठी वर जाळी हवीच!) पाणी आटल्यावर तळाचे क्षार खरवडून तोला. सुमारे ३५ ग्रॅम भरतील. हवा दमट असेल तर किंचित जास्त. शिरोड्याच्या मिठागरांत, जेथे १९३० साली सत्याग्रह झाला, मीठ पिकते ते याच रीतीने.

हेच पाणी गॅसवर आटवले तर? शेगडी पेटवू नका, वही-पेन्सिल पुरे. ३० अंशांचे लिटरभर पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला ७० किलोकॅलरी, वाफ करायला आणखी ५४०, एकूण ६१०. एक ग्रॅम गॅस सुमारे ११ किलोकॅलरी देतो. त्यातली साठ टक्केच भांड्याला मिळते असे धरा. गॅस लागेल ९० ग्रॅमांहून अधिक! म्हणजे मिठाच्या अडीचपट इंधन, आणि तेही भूगर्भात तयार व्हायला कोट्यवधी वर्षे लागलेले. ऊन उद्या पुन्हा येईल.

पण जूनमध्ये हा प्रयोग फसतो. परातीतले पाणी उलट वाढते! म्हणून मिठागरेही पावसाआधी आवरतात.

दुसऱ्या परातीत काळे प्लॅस्टिक अंथरून तेवढेच पाणी ठेवा. कोणती आधी आटते?