नवी पिकअप घेताना घासाघीस नेमकी कशाची करावी?

बंगळुरूच्या जुन्या किल्ल्याच्या पश्चिमेला असलेल्या चामराजपेटची आखणी १८९२ मध्ये झाली. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने वसवलेली ही पेठ मुळात राहण्यासाठी होती. आज मात्र तिच्या एका अंगाला कृष्णराजेंद्र मार्केट आहे, दुसरीकडे म्हैसूर रस्ता आहे आणि कलासीपाळ्यातील मालवाहतुकीची गोदामे व तरगुपेटेतील धान्याचे ठोक व्यापारी जवळच आहेत. या भागातून दिवसभर जो माल हलतो, तो मोठ्या ट्रकमधून हलत नाही. अरुंद रस्ते आणि शहराच्या मध्यभागी अवजड वाहनांवर असलेले वेळेचे निर्बंध यांमुळे एक ते दोन टन माल वाहणारी पिकअप हेच इथले खरे वाहन ठरले आहे.

मराठी माणूस अशा कोणत्याही गाडीला सरसकट 'टेम्पो' म्हणतो. हा शब्द हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीच्या नावावरून आला. तिच्या सहकार्याने बजाज टेम्पो कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस भारतात तीनचाकी मालवाहू गाड्या आणल्या आणि कंपनीचे नाव वाहनाच्या जातीला चिकटले. पुढे २००५ मध्ये कंपनीने स्वतःचे नाव बदलून फोर्स मोटर्स असे केले, तरी रस्त्यावरचा टेम्पो टेम्पोच राहिला.

अलीकडच्या काही वर्षांत या गाड्यांची भारक्षमता वाढली आहे. अशोक लेलँडची 'बडा दोस्त' सप्टेंबर २०२० मध्ये आली. टाटा मोटर्सने सप्टेंबर २०२२ मध्ये दोन टन क्षमतेची 'योद्धा २.०' आणली, तर महिंद्राने एप्रिल २०२३ मध्ये 'बोलेरो मॅक्स पिकअप' मालिकेत दोन टनांपर्यंतची गाडी दिली. स्पर्धा अशी वाढल्याने ग्राहकाच्या हाती घासाघीस करण्याची ताकद आली आहे. मात्र ती कुठे वापरावी, याबाबत बहुतेकांचा अंदाज चुकतो. 'गाडीवर किती सूट देता?' या प्रश्नाने सौदा सुरू होतो आणि तिथेच संपतो. खरे पैसे मात्र कर, कर्ज आणि विमा या तीन ठिकाणी जातात.

जीएसटी क्रमांक असलेला आणि नसलेला

मालवाहू मोटार वाहनांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्या दिवशी घटस्थापना होती, त्यामुळे नवरात्रात गाडी घेण्याची वाट पाहणाऱ्यांना दुहेरी मुहूर्त लाभला. समजा, एखाद्या पिकअपची करपूर्व किंमत ८ लाख रुपये आहे. जुन्या दराने ती १० लाख २४ हजारांना पडत होती, नव्या दराने ती ९ लाख ४४ हजारांना पडते. फरक ८० हजारांचा आहे. म्हणूनच जुन्या किमतीशी तुलना करताना करासहित आकडा न पाहता करपूर्व आकडा पाहावा. मूळ किंमत वाढवून 'करकपातीचा लाभ दिला' असे सांगितले जात असेल, तर ते केवळ याच आकड्यावरून कळते.

याहून महत्त्वाची बाब पुढे आहे. जीएसटीखाली नोंदणी असलेला आणि आपल्या विक्रीवर नियमित कर भरणारा व्यापारी स्वतःच्या मालासाठी पिकअप घेतो, तेव्हा गाडीवर भरलेल्या कराची वजावट त्याला मिळू शकते. प्रवासी मोटारींवर असलेले बंधन मालवाहू वाहनांना लागू नाही. म्हणजे वरच्या उदाहरणातील १ लाख ४४ हजार रुपये तो आपल्या देय करातून वळते करून घेतो आणि गाडी त्याला खऱ्या अर्थाने ८ लाखांनाच पडते. दर २८ टक्के असतानाही ती त्याला तेवढ्यालाच पडत होती. याउलट स्वतःच गाडी चालवून भाडे मारणारा, जीएसटी क्रमांक नसलेला मालक पूर्ण ९ लाख ४४ हजार सोसतो. एकाच गल्लीतील दोन शेजारी एकाच दिवशी एकच गाडी घेतात आणि दोघांना ती वेगवेगळ्या किमतीला पडते.

ही वजावट मिळण्यासाठी बिलावर व्यवसायाचे नाव व जीएसटी क्रमांक असणे आवश्यक आहे. वैयक्तिक नावाने बिल झाल्यानंतर धावपळ करून उपयोग होत नाही, म्हणून नोंदणीच्या वेळीच हे स्पष्ट करावे. करापोटीची रक्कम गाडीच्या किमतीत धरून तिच्यावर घसारा घेतल्यास वजावट मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे. कंपोझिशन योजनेतील दुकानदारालाही ती नाही. घसाऱ्याच्या बाबतीत भाड्याने चालवल्या जाणाऱ्या मालवाहू गाडीला ३० टक्के आणि स्वतःच्या धंद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीला १५ टक्के दर लागत आला आहे. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाल्यास त्याच्या निम्मा. म्हणूनच मार्चअखेरीस 'कर वाचवा' म्हणून दिला जाणारा आग्रह जितका वाटतो तितका फायद्याचा नसतो.

हप्ता कमी, पण कोणाच्या हिशेबाने?

पिकअप रोखीने घेणारे थोडे. बहुतेक सौदे कर्जावर होतात आणि विक्रेत्याच्या टेबलावर दोन प्रकारचे व्याजदर बोलले जातात. एक 'फ्लॅट', दुसरा घटत्या शिलकीवरचा. फ्लॅट दरात संपूर्ण मुदतभर मूळ कर्जावरच व्याज आकारले जाते. दर महिन्याला मुद्दल फेडले जात असते, याचा विचार त्यात नसतो.

८ लाखांचे कर्ज चार वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅट दराने घेतले, तर व्याज २ लाख २४ हजार होते आणि हप्ता सुमारे २१,३३३ रुपये. हेच कर्ज घटत्या शिलकीवर १०.५ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे २०,४८३ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ८३ हजार. ऐकायला साडेतीन टक्क्यांनी महाग असलेले कर्ज प्रत्यक्षात जवळपास ४१ हजारांनी स्वस्त पडते. ७ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीच्या हिशेबाने साडेबारा टक्क्यांहून अधिक. गाडीच्या किमतीत दोन दिवस भांडून मिळवलेली वीस हजारांची सूट या एका शब्दात दुपटीने परत जाते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ तसेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदतकर्जांसाठी कर्जदाराला मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्कासह सर्व खर्च धरून वार्षिक टक्केवारी दिलेली असते. दोन कर्जांची तुलना याच एका आकड्यावर करावी. विक्रेत्याकडे कर्जाचा प्रस्ताव घेण्याआधी आपल्या खात्याच्या बँकेकडून किंवा सहकारी पतसंस्थेकडून मंजुरीपत्र आणलेले असेल, तर बोलण्याला वजन येते. मुद्रा योजनेची मर्यादाही २०२४ च्या अर्थसंकल्पातील घोषणेनंतर, आधीचे 'तरुण' कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी २० लाखांपर्यंत वाढली आहे. मुदतीआधी कर्ज फेडल्यास किती आकार लागेल, हेही कागदावर घ्यावे. चांगला हंगाम आला की कर्ज लवकर मिटवण्याची इच्छा प्रत्येकाला होते, पण तो आकार तेव्हाच समोर येतो.

विम्याच्या बाबतीत विक्रेत्याचे म्हणणे बहुधा असे असते की सूट हवी असेल तर विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल. विमा नियामकाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ग्राहकावर अशी सक्ती करता येत नाही. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता सरकार ठरवते. २०२२ च्या अधिसूचनेत ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीसाठी तो १६,०४९ रुपये होता. तो कोणत्याही कंपनीत सारखाच असल्याने तिथे घासाघीस व्यर्थ आहे. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. दोन-तीन कंपन्यांचे दर आणल्यास ही रक्कम बरीच खाली येते. मात्र हप्ता कमी दिसावा म्हणून गाडीची विमा किंमतच घटवली नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे. चोरी किंवा मोठा अपघात झाल्यास भरपाई त्याच किमतीवर मिळते.

ऑन-रोड किमतीच्या कागदावर आणखी काही ओळी असतात. रस्ता कर व नोंदणी शुल्क सरकारी नियमांनी ठरते, ते कोणत्याही विक्रेत्याकडे सारखेच. १० लाखांहून अधिक किमतीच्या गाडीवर विक्रेता १ टक्का आयकर वसूल करतो, तो विवरणपत्र भरताना जमेस धरता येतो. उच्च सुरक्षा नंबरप्लेट एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीसोबतच येते आणि तिचा खर्च किमतीत अंतर्भूत असतो, त्यामुळे तिच्यासाठी वेगळी ओळ दिसल्यास खुलासा मागावा. 'हाताळणी शुल्क' किंवा 'लॉजिस्टिक' या नावाची रक्कम कोणत्याही सरकारी कार्यालयात भरली जात नाही. ती शांतपणे नाकारावी. पुष्कळदा ती पहिल्याच नकाराला गळून पडते.

आषाढातला भाव

कर्नाटकात आयुधपूजेला वाहनांची पूजा होते आणि नव्या गाड्या घरी आणण्याची झुंबड त्या दिवशी उडते. उगादी व अक्षय्य तृतीयेलाही तसेच. मुहूर्ताला गाडी हवी असणाऱ्या गिऱ्हाइकाकडे वेळ नसतो आणि विक्रेत्याला ते ठाऊक असते. आषाढात आणि पितृपक्षात मात्र दुकाने थंड असतात. त्या दिवसांत भाव ठरवून, लेखी घेऊन, गाडी श्रावणात किंवा नवरात्रात ताब्यात घेणे हा श्रद्धा आणि व्यवहार दोन्ही सांभाळणारा मार्ग आहे. महिन्याचे व तिमाहीचे शेवटचे दिवसही अनुकूल असतात, कारण विक्रेत्यांना कंपनीने दिलेले उद्दिष्ट गाठायचे असते.

डिसेंबर-जानेवारीत वेगळी काळजी घ्यावी लागते. आधीच्या वर्षात तयार झालेली गाडी जानेवारीत विकली जाते. तीत दोष नसतो, पण पुढे विकताना ती एक वर्षाने जुनी धरली जाते. तेव्हा सूट त्या प्रमाणात मागावी. विक्री प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २१, यावर निर्मितीचा महिना व वर्ष असते. हा कागद पैसे पूर्ण भरण्याआधी पाहण्याचा आग्रह धरावा.

बंगळुरूतील दोन आणि तुमकूर वा मंड्याकडील एक अशा किमान तीन विक्रेत्यांचे लेखी दरपत्रक असावे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातील कोणत्याही नोंदणी कार्यालयात गाडी नोंदवण्याची तरतूद आहे, त्यामुळे बाहेरगावचा भाव ही पोकळ धमकी राहत नाही. रोख सूट शक्य नसल्यास विक्रेते हौद्याची ताडपत्री, जादा सर्व्हिस, वाढीव हमी असे काही देऊ करतात. यांत वाढीव हमी मोलाची. सीट कव्हर आणि स्टिकर यांची किंमत जे. सी. रोडवर विचारली की ते किती 'मोफत' आहेत हे समजते.

वजनाचा प्रश्न

चांगला भाव मिळालेली चुकीची गाडी हा सर्वांत महाग सौदा असतो. ज्याचा माल नेहमी दीड टन भरतो, त्याने स्वस्त पडते म्हणून सव्वा टनाची गाडी घेतली, तर पहिल्या आठवड्यापासून ती जादा भाराने धावते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा भारासाठी २० हजार रुपये व प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. 'दोन पाटे वाढवून घ्या' हा सल्ला मिळतो, पण त्यामुळे कागदोपत्री क्षमता वाढत नाही. हमी मात्र जाऊ शकते आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यात तो मुद्दा निघतो.

उलट गरजेपेक्षा मोठी गाडी घेण्यातही खर्च आहे. ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार परवाना लागत नाही. त्यावरच्या गाडीला लागतो. एकूण वजन म्हणजे गाडी अधिक माल, हे विसरता कामा नये. दोन टन माल वाहणारी गाडी ही मर्यादा ओलांडते. चालकाच्या बाबतीत मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलासा दिला. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवण्यास वेगळ्या नोंदीची गरज नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. विमा कंपन्या याच कारणावरून पूर्वी दावे नाकारत असत.

वाद झालाच, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सर्वांना सारखा लागू होत नाही. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू त्याच्या कक्षेबाहेर आहे, परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू कक्षेत येते. एकच पिकअप घेऊन ती स्वतः चालवणारा मालक ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. अनेक गाड्या नोकरांकरवी चालवणाऱ्या व्यापाऱ्याला दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागण्याची शक्यता अधिक. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

गाडी ताब्यात घेण्याआधी चासी व इंजिनाचा क्रमांक बिल, विमा आणि नमुना २१ यांवरील क्रमांकांशी ताडून पाहावा. पाचही टायर एकाच बनावटीचे आहेत का, हौद्याच्या फळ्यांचे अडसर नीट लागतात का, हे दिवसाउजेडी तपासावे. बयाण्याच्या पावतीपासून शेवटच्या हप्त्यापर्यंतचे कागद एकत्र ठेवावेत. कर्ज फिटल्यावर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन नोंदणी पुस्तकावरील बोजा उतरवावा लागतो. हे काम आपोआप होईल असे गृहीत धरू नये आणि ते बाकी असेपर्यंत गाडी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.