रेप्लिकेट नसलेला प्रयोग: रॉथमस्टेडच्या पार्कातलं कुरण

प्रपोजल मांडताना "रेप्लिकेट किती?" हा प्रश्न तुम्हाला येणारच. म्हणून आज असा एक प्रयोग बघू, ज्यात बहुतेक ट्रीटमेंटना रेप्लिकेटच नाही, आणि तरी तो १८५६ पासून चालू आहे.

इंग्लंडमध्ये हार्पेंडनजवळ रॉथमस्टेड मॅनर हे जुनं जमीनदारी घर आहे. आपल्याकडच्या गढीला तटबंदी असते, इथे भोवती पार्क. मालक जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ मध्ये सुपरफॉस्फेटचं पेटंट घेतलं आणि खताच्या धंद्यातला पैसा प्रयोगांत घातला. १८४३ पासून रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट सोबतीला. दोघांनी पार्कातल्या सुमारे २.८ हेक्टर कुरणाचे प्लॉट पाडले. प्रश्न एवढाच, की कोणत्या खताने सुका चारा जास्त मिळतो?

पण काही वर्षांतच प्लॉट वेगवेगळे दिसायला लागले, आणि बी तर कुणी पेरलं नव्हतं! बिनखताच्या प्लॉटवर आज चाळीसेक जातींच्या वनस्पती आहेत. भरपूर अमोनियम सल्फेट आणि चुना अजिबात नाही, अशा ठिकाणी दोन-तीनच.

मग "नायट्रोजनमुळे विविधता घटते" असं लिहून मोकळं व्हायचं? थांबा. अमोनियमचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, तिथला पीएच ३.५ च्या आसपास उतरलाय. दोन कारणं एकमेकांत गुंतलीत. ती सोडवायला दुसरे प्लॉट कामी येतात: तेवढाच नायट्रोजन सोडियम नायट्रेटमधून दिलेले, जिथे माती अशी आम्ल होत नाही. शिवाय १९६५ मध्ये बहुतेक प्लॉटचे चार भाग केले. तीन भागांत चुन्याने पीएच ७, ६ आणि ५ राखतात, चौथा तसाच. नायट्रोजनने जाती कमी होतातच, पण त्या दोन-तीनवर येतात ते आम्लामुळे.

रँडमायझेशनही नाही. तो विचार मांडणारे फिशर रॉथमस्टेडला आलेच १९१९ मध्ये. त्यामुळे "हा फरक मुळात जमिनीचाच असेल तर?" ही शंका प्रत्येक पेपरला सोडवावी लागते. बिनखताचे प्लॉट एकाहून जास्त आहेत, तेवढाच आधार.

लॉज-गिल्बर्टनी चारा आणि मातीचे नमुने मात्र सुरुवातीपासून जपले. रॉथमस्टेडच्या संग्रहात आज तीन लाखांहून जास्त नमुने आहेत. अणुचाचण्यांतून पडलेल्या प्लुटोनियमचा माग पुढे इथल्याच जुन्या गवतात काढला गेला. लॉज-गिल्बर्टच्या हयातीत प्लुटोनियमचा शोधही लागला नव्हता. माझ्या फ्रीझरमध्ये "नवीन २" एवढंच लिहिलेल्या सहा ट्यूब आहेत, त्या कशाच्या हे मलाही आठवत नाही.