बंदर राखायचं तर…

आमची निपाणी तंबाखूची पेठ. समुद्र घाटापलीकडे. पण आरमाराचा कारभार कसा असावा, हे आमच्या शेजारच्या कोल्हापूर गादीच्या अमात्यांनी तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ 1715 च्या सुमाराचं. त्यातलं आरमाराचं प्रकरण मला पेठेतला माणूस म्हणून फार जवळचं वाटतं.

पंत सांगतात, आरमाराचा पगार मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, बंदराच्या मिळकतीवर सोडू नये. कारण उघड आहे. शिपायाचं पोट व्यापाऱ्याकडून होणाऱ्या वसुलीवर अवलंबून ठेवलं, तर तो व्यापाऱ्याला नाडणारच. मग व्यापारी दुसरं बंदर गाठतो. जहाजासाठी लाकूड तोडतानाही आंबा-फणसाला हात लावू नये, कारण रयतेनं ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. जीर्ण झाड लागलंच, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावं.

हाच प्रश्न दूर मलय मुलखातल्या मलाक्का बंदरालाही पडला होता. पंधराव्या शतकात तिथं देशोदेशीचे व्यापारी येत. सुलतानानं त्यांच्यासाठी चार शहाबंदर नेमले होते. गुजरातच्या व्यापाऱ्यांसाठी तर एक स्वतंत्रच होता. आलेल्यांची व्यवस्था बघायची, तंटे मिटवायचे, हे त्याचं काम. मुख्य प्रधान ‘बेंदाहारा’, आरमाराचा प्रमुख ‘लक्समाना’. पहिल्या शब्दात आपलं भांडार आहे, दुसऱ्यात लक्ष्मण! जहाजाचा प्रमुख ‘नाखोदा’, म्हणजे आपला नाखवाच. दोन्ही शब्द फारसीतून आलेले. समुद्रावर नाखोदा राजासारखा, असं मलाक्क्याचा सागरी कायदा मानतो. पण वादळात माल पाण्यात टाकायचा, तर आधी जहाजावरच्यांशी मसलत करावी, असंही तोच सांगतो.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि लगेच 1511 मध्ये मलाक्का. दोन्हीकडे तोफा सारख्याच होत्या. मलाक्का पडल्यावर बरेच मुसलमान व्यापारी तिथून निघाले आणि सुमात्रातलं आचेह बंदर वाढलं. किल्ला जिंकता येतो, व्यापाऱ्याचा विश्वास जिंकता येत नाही.

बंदर असो की निपाणीची पेठ, गोष्ट तीच. सीमाभागातल्या आपल्या माणसांना कचेरीच्या पायऱ्या काही नव्या नाहीत. मराठीत अर्ज लिहावा की कन्नडमध्ये, इथून सुरुवात होते. म्हणून मुलांना आरमाराच्या लढाया सांगताना पगाराचा आणि फणसाच्या झाडाचा नियमही जरूर सांगावा. राज्य त्यावरही उभं असतं.