लाल रंगाला उशीर का झाला?

समजा, संगणक शाळेच्या कार्यालयात आहे आणि त्याचा पडदा शंभर मीटर दूर, सभागृहात लावायचा आहे. पडद्याची नेहमीची केबल इतकी लांब केली, तर चित्र अंधुक होते. अशा वेळी संगणकांच्या जाळ्यासाठी वापरतात ती साधी नेटवर्क केबल उपयोगी पडते. तिच्या दोन्ही टोकांना ‘एक्स्टेंडर’ नावाची छोटी उपकरणे जोडतात.

ही केबल सोलली, तर आत तांब्याच्या आठ बारीक तारा, म्हणजे चार जोड्या दिसतात. प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो. टेलिफोनच्या तारांना असा पीळ देण्याचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये घेतले होते.

पीळ कशासाठी? जवळपासच्या मोटारी, पंखे, विजेच्या तारा यांच्यामुळे केबलमध्ये नको असलेला विद्युतदाब निर्माण होतो. पिळामुळे जोडीतील दोन्ही तारा आळीपाळीने या उपद्रवाच्या जवळ येतात व दोघींना तो जवळजवळ सारखाच पोचतो. आता एका तारेतून +१ व्होल्ट आणि दुसरीतून −१ व्होल्ट पाठवा. फरक २ व्होल्ट. वाटेत दोन्हींत ०.३ व्होल्टची भर पडली, तर १.३ आणि −०.७ होतील. फरक पुन्हा २ व्होल्टच! दुसऱ्या टोकाचे उपकरण फक्त हा फरक मोजते. उपद्रव वजाबाकीत नाहीसा होतो.

१९८७ साली आलेल्या व्हीजीए पद्धतीत लाल, हिरवा व निळा या रंगांचे संदेश वेगवेगळ्या तारांतून जातात. एक्स्टेंडर प्रत्येक रंगाला एकेक जोडी देतो. चौथी जोडी बहुधा कीबोर्ड व माउससाठी ठेवतात.

पण येथेच एक अडचण उभी राहते. चारही जोड्यांचा पीळ सारखा असता, तर एका जोडीतला संदेश शेजारच्या जोडीत झिरपला असता. म्हणून प्रत्येक जोडीचा पीळ कमी-अधिक घट्ट ठेवतात. घट्ट पिळाला तार अधिक लागते, आणि लांब तारेतला संदेश उशिरा पोचतो. ‘कॅट-५ई’ जातीच्या शंभर मीटर केबलमध्ये हा फरक ४५ नॅनोसेकंदांपर्यंत असू शकतो. (एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग.)

एवढ्याने काय बिघडते? १०२४ × ७६८ ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ६० वेळा रेखाटायचे, तर एका ठिपक्याच्या वाट्याला सुमारे १५ नॅनोसेकंद येतात. म्हणजे एखादा रंग तीन ठिपके मागे पडू शकतो! मग पांढऱ्या अक्षराच्या एका कडेला लाल, तर दुसऱ्या कडेला निळसर झालर दिसते. ज्या पिळाने संदेश वाचवला, त्यानेच रंगांची फारकत केली.

उपाय मात्र सोपा आहे. पुढे गेलेल्या रंगांना उपकरणातच क्षणभर थांबवायचे आणि मागच्याला गाठू द्यायचे. आजच्या अंकीय पद्धतीत माहिती चारही जोड्यांत वाटली जाते, तेव्हाही अशी जुळणी करावीच लागते.

तुम्हीही करून पहा. जुन्या, टाकून दिलेल्या नेटवर्क केबलचा तुकडा सोला आणि दहा सेंटिमीटरमध्ये प्रत्येक जोडीला किती पीळ आहेत ते मोजा. केबलमध्ये संदेश एका नॅनोसेकंदात सुमारे २० सेंटिमीटर जातो. तर ४५ नॅनोसेकंदांचा उशीर होण्यास तार किती मीटर जास्त लागेल?