अवटुग्रंथी, लस आणि नोंदवही

1902 सालच्या ऑक्टोबरच्या अखेरीस पंजाबातील मुलकोवाल या गावी प्लेगची लस टोचून घेतलेल्या 107 माणसांपैकी 19 जण पुढे धनुर्वाताने मरण पावले, आणि ती लस जेथे सिद्ध झाली होती त्या मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेवर व तिचे प्रमुख वाल्डेमार हाफकिन यांच्यावर संशयाचे गडद सावट पडले. मृत्यू पावलेले एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचले गेले होते, आणि त्या बाटलीचा क्रमांक ‘53 एन’ असा दप्तरी नोंदलेला होता. ज्या शास्त्रज्ञाने 1897 च्या जानेवारीत आपली लस प्रथम स्वतःच्या देहात टोचून घेतली होती, त्याच्यावर या प्रकरणी कामावरून दूर होण्याची पाळी आली. पुढे चौकशीची कागदपत्रे उजेडात आली आणि रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या जाणत्या संशोधकांनी ती बारकाईने वाचली, तेव्हा मुलकोवालात बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही बाब सर्वांच्या ध्यानी आली. 1907 साली हाफकिन दोषमुक्त झाले, आणि 1925 पासून परळची ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

लसीच्या सुरक्षिततेचा सारा विचार या हकीकतीत बीजरूपाने सामावलेला आहे. लस घेतल्यानंतर जे घडले ते लसीमुळेच घडले असे मानणे जितके अविचाराचे, तितकेच ते लसीमुळे घडणे शक्यच नाही असे म्हणून तक्रारदाराला दारातूनच परत पाठवणे अविचाराचे. आणि या दोन्ही चुकांतून मनुष्याला सोडवणारे साधन एकच, ते म्हणजे प्रामाणिकपणे केलेली नोंद आणि धीराने केलेली तिची रुजुवात. मुलकोवालात मृत्यू अनेक होते, रोग एक होता आणि बाटलीही एकच होती. परंतु जेथे इजा सौम्य असते, सावकाश प्रकट होते आणि लसीवाचूनही समाजात सर्रास आढळते, तेथे हेच काम किती अवघड होऊन बसते, हे अवटुग्रंथीच्या, म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात नुसते ‘थायरॉईड’ म्हणतो त्याच्या, उदाहरणावरून फार चांगले समजते.

गळ्याच्या घाटीखाली, श्वासनलिकेला बिलगून असलेली ही ग्रंथी वजनाने जेमतेम पावणेदोन तोळे भरते. परंतु शरीराची ऊब, हृदयाची गती, पचन आणि मनाचा उत्साह यांवर तिच्या स्रावाचा अंमल चालतो. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा कधीकधी स्वतःच्याच ग्रंथीला परकी समजून तिच्यावर उलटते. असा एक विकार जपानी शल्यविशारद हाशिमोटो यांनी 1912 साली वर्णिला, आणि आज पुष्कळ घरांत सकाळी उपाशीपोटी घेतल्या जाणाऱ्या गोळीच्या मागे बहुधा तोच असतो. दुसरा एक विकार स्विस शल्यविशारद डी क्वेर्व्हेन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात विषाणूच्या एखाद्या आजारानंतर ग्रंथीला सूज येते, घास गिळताना गळ्याच्या पुढच्या भागात कळ येऊन ती जबड्यापासून कानापर्यंत जाते, वैद्याने बोट टेकवताच रोगी मान मागे घेतो आणि रक्तपेशी नळीच्या तळाशी बसण्याचा वेग बराच वाढलेला आढळतो. ग्रंथीत साठवलेला स्राव एकदम रक्तात सुटल्यामुळे प्रथम छाती धडधडते व हात कापतात, काही आठवड्यांनी उलट मरगळ येते, आणि बहुतेक रोगी काही महिन्यांत पूर्ववत होतात.

2021 साली कोविडची लस जगभर दिली जाऊ लागली, तेव्हा तुर्कस्तानातील वैद्यांनी आरोग्यसेवेतील तीन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. लस घेतल्यानंतर चार ते सात दिवसांत तिघींचाही गळा दुखू लागला होता, आणि निदान याच डी क्वेर्व्हेनच्या विकाराचे झाले होते. मागोमाग अनेक देशांतून अशाच हकीकती येऊ लागल्या. विषाणूच्या आजारानंतर जो विकार होतो, तो विषाणूची ओळख करून देणाऱ्या लसीनंतरही क्वचित होऊ शकेल, ही शंका तर्काला सोडून नव्हती. वैद्यांनी ती लपवली नाही, छापली, आणि हे त्यांनी उत्तम केले. परंतु शंका छापली गेली म्हणजे ती सिद्ध झाली असे होत नाही.

याचे कारण साध्या अंकगणितात आहे. मुंबई व गोवा यांसह देशातील आठ शहरांत झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे 11 टक्के प्रौढांत अवटुग्रंथीचा मंदपणा आढळला होता, म्हणजे दर नऊ-दहा माणसांमागे एकात. आता केवळ हिशेबासाठी असे धरू, की एखाद्या इलाख्यात दरसाल हजार स्त्रियांमागे दोघींच्या या विकाराचे नव्याने निदान होते आणि तेथे 10 लाख स्त्रियांना लस दिली गेली. वर्षाकाठी 2000 निदाने होणारच. त्यांतील सुमारे 230 लस घेतल्यानंतरच्या सहा आठवड्यांत पडणार. लसीच्या जागी नुसते पाणी टोचले असते तरीही त्या 230 स्त्रियांच्या वाट्याला ते निदान येणारच होते. त्यांपैकी प्रत्येकीला दोन घटनांचा संबंध उघड दिसेल, तिचे दुःखही खरे असेल, पण तिच्या एकटीच्या अनुभवातून कार्यकारणभावाचा उलगडा होणार नाही. खरा प्रश्न असा, की 230 अपेक्षित असता प्रत्यक्षात 230 सापडल्या की 400?

या मोजणीतही चकवे आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला रोखणारी लस घेतलेल्या 1,89,629 स्त्रियांची पाहणी करण्यात आली, तेव्हा सोळा स्वयंप्रतिकारी विकारांपैकी हाशिमोटोच्या विकाराचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक, म्हणजे शंभराच्या जागी 129, इतके भरले. एखाद्या उतावळ्या माणसाने एवढ्यावरच निकाल दिला असता. संशोधकांनी मात्र लस आणि लक्षणे यांचा कालक्रम व संबंधाची जैविक शक्यता यांची फेरतपासणी केली, आणि लसीकडे बोट दाखवणारा सुसंगत पुरावा त्यांना आढळला नाही. एकाच वेळी सोळा विकारांची मोजदाद केली, तर त्यांतील एखादा निव्वळ योगायोगाने वर डोके काढू शकतो. शिवाय हा विकार अंगात वर्षानुवर्षे मूकपणे नांदत असतो, आणि वैद्याकडे जाणे झाले व रक्त तपासले गेले म्हणजे जुनाच रोग नवा म्हणून दप्तरी लागतो. कोविडच्या लसींबाबत हाँगकाँगमध्ये 23 लाख लस घेणाऱ्यांच्या नोंदी पडताळण्यात आल्या, आणि तेथेही अवटुग्रंथीचे कार्य वाढण्याचे वा मंदावण्याचे प्रमाण लसीमुळे चढल्याचा पुरावा मिळाला नाही. क्वचित एखाद्याच्या ग्रंथीला लसीनंतर खरोखरच सूज आली असेल, हे यामुळे अशक्य ठरत नाही; परंतु तसे होत असल्यास ते फार विरळा आहे, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते.

अशा पाहण्या लसीची पाठराखण करण्यासाठीच केल्या जातात, असा कोणाचा समज असेल तर त्याने अतिसारावरील ‘रोटाशील्ड’ लसीची हकीकत ध्यानात घ्यावी. 1998 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. पुढील जुलैपर्यंत तक्रारींच्या सरकारी दप्तरात तान्ह्या मुलांच्या आतड्यात आतडे शिरल्याच्या पंधरा नोंदी जमल्या, आणि तेवढ्यावरून तिचा वापर थांबवण्यात आला. तपासाअंती धोका खरा ठरला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात लस बाजारातून काढून घेण्यात आली. लक्षावधी मात्रांच्या ढिगातून केवळ पंधरा कागदांनी ते सत्य वर आणले.

आपल्या देशात लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांच्या नोंदणीची व्यवस्था 1988 पासून चालत आली असून जिल्हा, राज्य व राष्ट्र अशा तिन्ही पातळ्यांवर तिच्या समित्या आहेत. लसीच्या स्वरूपातून उद्भवलेली, निर्मितीच्या दोषातून उद्भवलेली, टोचण्याच्या चुकीतून झालेली, सुईच्या भयाने आलेली आणि केवळ योगायोगाची, असे घटनांचे पाच वर्ग त्या पाडतात. मुलकोवालचा चिमटा आज तिसऱ्या वर्गात पडला असता. परंतु या साऱ्या इमारतीचा पाया उपकेंद्रावरच्या त्या परिचारिकेच्या हाती आहे, जी कुपीचा बॅच क्रमांक रकान्यात उतरवते, टोचून घेतलेल्यांना अर्धा तास बाकावर बसवून ठेवते, आणि दहा दिवसांनी गळा दुखतो म्हणून परत आलेल्या बाईला ‘काही नाही, जा घरी’ असे न म्हणता तिची तक्रार तारीखवार लिहून घेते.

तेव्हा लस अवश्य घ्यावी; आणि लसीनंतर गळ्याच्या पुढच्या भागात वेदना, धडधड किंवा न ओसरणारी मरगळ जाणवली तर वैद्याकडे जाऊन ग्रंथीची तपासणी करून घ्यावी, लस कोणत्या दिवशी घेतली ते सांगावे, आणि तक्रार लिहून घेण्याचा आग्रह धरावा. अशी तक्रार करणारा मनुष्य लसीचा वैरी नसतो. पुढे लस घेणाऱ्या प्रत्येकावर तो उपकारच करत असतो. जमिनीवर पडलेल्या एका चिमट्याची हकीकत कोणीतरी लिहून ठेवली होती, म्हणूनच एका निरपराध माणसाला पाच वर्षांनी का होईना न्याय मिळाला, आणि त्याच्या लसीवरचा कलंकही पुसला गेला.